जिन्यावरून ऐकलेली सभा

सदू,

तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे पांगले, तुझी गोदी डोळे पुसत ठाण्याला सासरी परतली. आता घरात मी आहे आणि माडीवर तुझी खुर्ची आहे. दोघींनाही कोणी काही काम सांगत नाही. खरं सांगू, मी दमले रे. रडून नाही दमले, लोकांना उत्तरं देऊन दमले. जो येतो तो पडवीत टेकतो, उपरण्यानं वारा घेतो आणि म्हणतो, आक्का, मोठा माणूस गेला. मी मान हलवते. मोठा कुठला? आई गेली तेव्हा तू रांगत होतास आणि मी कुंकू पुसून नुकतीच माहेरी आले होते. तुला कडेवर घेऊन कल्याणचा सगळा पारनाका मी पालथा घातलाय. तुझं नाक पुसलंय. मला कोणी मोठा माणूस वगैरे सांगू नये.

तुझ्या नोकरीचं, मानमरातबाचं जे काय लिहायचं ते तुझे वकीलमित्र गोविंदराव लिहितील, आणि ते छापूनही येईल. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, ते पुरं करायला बसले आहे. शिवाय काल माडीवर जे झालं तेही तुला सांगायचंय. अक्षर वेडंवाकडं आहे, त्याला जबाबदार तूच. मला बालबोध तेवढी शिकवलीस, मोडी शिकवली नाहीस. मागे लागले तर म्हणालास, मोडी कचेरीत लागते, तुला कुठे कचेरीत जायचंय. तेव्हा हे बालबोधीत आहे, ते गोड मानून घे.

तुला त्या विलायतेच्या पार्लमेंटाचं वेड लागलं ते त्या जाड इंग्रजी पुस्तकापायी. मुंबईच्या तुझ्या कोणा मित्रानं ते धाडलं आणि तू जेवायला उठेनास. शाळेत शिकवून आलास की पुस्तक, संध्या झाली की पुस्तक. मग पानावर बसलास की मला सांगायचास. तिथे म्हणे सगळ्या देशाची मिळून एक सभा असते आणि उंच खुर्चीवर एक गृहस्थ बसतो, डोक्यावर परक्या केसांचा टोप घालून. मी म्हटलं, नवल आहे बाई, इकडे आमचे आहेत ते केस काढतात आणि तिकडे पुरुष दुसऱ्याचे घालून बसतात. तू घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिलास. मग आमटी मागितलीस. त्यानंतर त्या टोपाचा विषय तू माझ्यासमोर कधी काढला नाहीस, हे माझ्या ध्यानात आहे.

पण बाकीचं सगळं सांगितलंस. तो खुर्चीवरचा माणूस म्हणे स्वतःचं मत कधी सांगत नाही. दोन्ही बाजूंचं ऐकायचं, कोणी घसरला तर त्याला आवरायचं, शेवटी हात मोजायचे. स्वतः हात वर करायचा नाही. दोन्हीकडे सारखे हात पडले तरच त्याच्या एका हाताला किंमत. मी म्हटलं, मग तिथे बसून मिळतं काय त्याला? तू म्हणालास, काही नाही मिळत, म्हणूनच लोक त्याचं ऐकतात. हे तुला इतकं आवडलं होतं की सांगताना तुझे कान लाल झाले होते.

मग आपल्या माडीवर सभा सुरू झाली. शनिवारची शाळा सकाळची, म्हणून दुपार कलली की मंडळी जमायची. गोविंदराव वकील, नारोपंत, आणखी आठवड्याला येणारे-जाणारे. सगळी विलायतेची रीत. वर्षाच्या सुरुवातीला अध्यक्ष निवडायचा, आणि दर वर्षी तूच निवडून यायचास. निवडून आलास की एका दंडाला गोविंदराव, दुसऱ्याला नारोपंत, असे तुला खुर्चीकडे ओढत न्यायचे आणि तू मागे मागे ओढ घ्यायचीस. पूर्वी राजाची मर्जी फिरली की त्या खुर्चीवरच्याचं डोकं जायचं, म्हणून कोणी राजीखुषीनं तिथे बसत नसे, असा त्याचा अर्थ तू मला सांगितला होतास. कल्याणात तुझं डोकं कोण उडवणार होतं? पण तू पाय असे रोवायचास की खाली माझ्या फडताळातली भांडी वाजायची. मी पदर तोंडात धरून हसायची.

दुसरी एक रीत होती ती परक्या माणसाची. सभेत परकं माणूस दिसलं की कोणाही सभासदानं उठून तसं म्हणायचं, की मग वादविवाद नाही, लगेच हात मोजायचे, राहू द्यायचं की बाहेर काढायचं. तुझे व्याही एकदा ठाण्याहून गोदीचा निरोप घेऊन आले आणि थेट माडीवर चढले. नारोपंत उठले, म्हणाले, सभेत परकं माणूस आहे. आणि तू, सख्ख्या मुलीचा सासरा समोर उभा असताना, हात मोजलेस. व्याही खाली आले ते लालबुंद होऊन. मी त्यांना पाट दिला, पोहे दिले, लाख समजूत घातली. पुढे गोदीला त्याचं किती ऐकावं लागलं ते तुला ठाऊक आहे. तरी तुझं एकच, खुर्चीला व्याही नसतो.

हे सगळं मला कसं ठाऊक, तर जिन्यावरून. मधल्या पायरीवर मी तांदळाचं सूप घेऊन बसायची. खडे कमी निघायचे आणि शब्द जास्त वेचायची. पण अर्धंच यायचं कानावर. आगगाडी आली म्हणून आपलं बंदर बसलं की नाही, यावर दोन शनिवार तुम्ही भांडलात. मला गोविंदरावांचा नुसता गलबला ऐकू यायचा आणि नारोपंतांचं खाकरणं. मग रात्री पानावर तू मला तुझं मत सांगायचास. खुर्चीवर तोंडाला कुलूप, ते पानावर उघडायचं. गलबतवाल्यांचं काय होणार, भाताचा व्यापार कुठे जाणार, हात उष्टा वाळेपर्यंत बोलायचास. तुझ्या जन्मभराच्या भाषणांना श्रोती मी एकटी. गावाला अजून पत्ता नाही सदाशिवरावांचं मत कशावर काय होतं. मला सगळं पाठ आहे.

म्हणूनच मला वर यावंसं वाटायला लागलं. त्याला कारणही तूच. तूच सांगितलंस की विलायतेत त्या खुर्चीच्या वरच्या अंगाला एक जाळी असते आणि जाळीमागे बायका बसून सभा ऐकतात. दिसत नाहीत, पण ऐकतात. मी तुला काही बोलले नाही. गोविंदराव विड्याचं तबक घ्यायला जिन्यापर्यंत यायचे, त्यांना म्हटलं, आपल्या माडीला जाळी नाही का लागायची? त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, तबक घेतलं आणि पुढच्या शनिवारी ठराव आणला, की सभासदांच्या घरच्या बायकांना माडीच्या टोकाला जाळीमागे बसून ऐकण्याची मोकळीक असावी.

त्या दिवशी मी जिन्याच्या अगदी वरच्या पायरीवर होते, तबक मांडीवर घेऊन. दार लोटलेलं, फटीतून तुझी पाठ दिसत होती. नारोपंत म्हणाले, बायकांचं एक वेळ समजू, पण या घरच्या आक्का सोवळ्या, उद्या त्या ऐन सभेच्या तोंडावर समोर यायच्या. मला त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही, तो शब्द मी न्हाणीत, देवळात, लग्नघरात सगळीकडे ऐकलेला. मी तुझ्या पाठीकडे बघत होते. मला खात्री होती ना. पाटीवर माझा हात धरून ग गणपतीचा गिरवून घेणारा माझा भाऊ तिथे बसला होता.

हात मोजले. सारखे पडले. सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तू पाठ ताठ केलीस. मग म्हणालास, "दोन्हीकडे सारखी मतं असताना खुर्चीनं नवं काही करू नये. आहे ते तसंच राहील. ठराव पुन्हा आणता येईल." नारोपंतांनी मांडीवर थाप मारून वाहवा म्हटलं. मी तबक तिथेच पायरीवर ठेवलं आणि खाली आले. त्या दिवशी सभेला विडा मिळाला नाही. कोणी मागितलाही नाही.

पुढचे कितीतरी दिवस आपण बोललो नाही. मी वाढायची, तू जेवायचास. मीठ कमी पडलं तरी तू बोलला नाहीस, तेव्हा मला कळलं की तुला लागलंय. शेवटी मीच तोंड उघडलं. तुला विचारलं, "त्या खुर्चीवर माझा भाऊ नव्हता का बसला?"

"नव्हता, आक्का," तू म्हणालास. "तेवढा वेळ नसतो."

मग तू मला समजावलंस. म्हणालास, माझ्या एका हातानं तू वर आलीस तर अध्यक्षाची बहीण म्हणून आलीस असं होईल, आणि मी खुर्चीवरून उठलो की तुलाही उठवतील. त्यांच्या हातांनी येशील तर तुला कोणी उठवणार नाही. मी म्हटलं, आणि तोवर? तू पाण्याचा तांब्या उचललास, पुन्हा ठेवलास. सदू, मी त्या 'तोवर'चं उत्तर मागत होते. पुढे दर वर्षी, काही ना काही निमित्तानं मागितलं. कधी रागानं, कधी थट्टेनं. भाजणी भाजताना मागितलं, गोदीच्या लग्नात मागितलं. तू हसायचास किंवा उठून जायचास.

आणि ठराव काही पुन्हा आला नाही. गोविंदरावांना वकिलीतून उसंत मिळेना. त्यांनी एकदा म्हटलं, आणतो, मग राहूनच गेलं. तुला तर आणताच येईना, खुर्चीनं ठराव आणायचा नसतो. म्हणजे बघ, ज्याला मनापासून हवं होतं तो खुर्चीवर, आणि जिला हवं होतं ती जिन्यावर. मला तेव्हा त्या विलायतेच्या सभेचा इतका राग यायचा की सांगता सोय नाही. म्हटलं, सात समुद्रांपलीकडची माणसं, त्यांनी आपल्या घरात येऊन माझ्या भावाचं तोंड शिवावं.

मी जिन्यावर बसायची सोडली नाही मात्र. जाते कुठे? आणि त्याच सुमाराला तुझ्या आवाजानं वेगळंच वळण घेतलं. कोणी काही बोललं की त्याचं सगळं म्हणणं तू पुन्हा, ठणठणीत आवाजात सांगायला लागलास. गोविंदरावांचं म्हणणं असं की बंदरावर धक्का बांधावा. नारोपंतांचं म्हणणं असं की धक्क्याआधी गटारं बघावीत. पार चौकातून जाणाऱ्या माणसाला ऐकू जाईल असं. मंडळी कुरकुरायची, पण तू म्हणायचास, तशी रीत आहे. जिन्याचं दारही लावू द्यायचा नाहीस. थंडीत खालून वारा चढायचा, नारोपंत नेमके दाराशी पाठ करून बसायचे, उपरणं कानाला गुंडाळायचे आणि दर शनिवारी दार लावा म्हणायचे. तू म्हणायचास, सभेचं दार उघडं असावं.

मला वाटायचं, अध्यक्षपणा अंगात मुरला याच्या. वय झालं की पुरुषांना स्वतःचा आवाज आवडायला लागतो, तसं काहीतरी. त्यातून पानावर बसलास की तू विचारायचास, "ऐकू आलं का?" मी म्हणायची, तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं काही ऐकू येतंय का? तू मान खाली घालून भात कालवायचास. मला वाटे, स्तुती हवी आहे याला. मी ती दिली नाही कधी.

मग घसा बसला. आधी नुसता घोगरा, मग दुखरा, मग पाणी गिळतानाही तू डोळे मिटून घ्यायला लागलास. वैद्यांनी ज्येष्ठमध दिला, खडीसाखर दिली, आणि बजावलं की बोलणं कमी करा. तू म्हणालास, शनिवार सोडून करतो. मी चिडले. म्हटलं, ज्याचं त्याला बोलू दे की, तुला कोणी दवंडी पिटायला ठेवलंय का? तू नुसता हात हलवलास. त्या आजारानं तुला कसं हळूहळू सोलून काढलं ते मी इथे लिहीत नाही. पेज भरवली, पाठ चोळली, उशा बदलल्या, एवढंच माझ्या हाती होतं. आपल्या घरात माणसं मरतात तेव्हा त्यांची आई असते, बायको असते. तुझी बायको तर गोदीच्या पाठच्या बाळंतपणात गेली, दुसरी तू केली नाहीस. सगळ्यांच्या वाटणीचं मी एकटीनंच करायचं होतं, आणि माझंही वय झालंय रे.

त्या सकाळी तुला बिछान्यावरून खाली घोंगडीवर घ्यायचं झालं. गोविंदरावांनी एक दंड धरला, नारोपंतांनी दुसरा. धरल्याबरोबर दोघेही एकदम थांबले. एकमेकांकडे बघायला लागले. मी दारात उभी होते, मलाही तेच आठवलं. तू ओढ घ्यावीस म्हणून मी वाट बघितली. तू घेतली नाहीस. अगदी हलका, जसा न्यावा तसा गेलास.

आता कालचं सांगते.

काल शनिवारी दुखवट्याची सभा होती. गोविंदराव विचारायला आले, की आक्का, माडी वापरू ना? म्हटलं, सभेचीच आहे. अध्यक्ष गोविंदरावांनाच केलं. त्यांना कोणी ओढत नेलं नाही, तेवढं भान सगळ्यांना होतं. मी आपली नेहमीच्या पायरीवर जाऊन बसले. सूप घेतलं होतं सवयीनं, पण तांदूळ घ्यायला विसरले होते.

सभा सुरू झाली आणि मला काही ऐकू येईना.

दार उघडं होतं. कोणीतरी बोलत होतं, थोडा वेळ बोलून थांबत होतं, मग दुसरं कोणी. नुसता गलबला. सदाशिवराव एवढं मधेच कानावर यायचं आणि पुढचं विरून जायचं. मी वाट बघत होते की आता अध्यक्ष सांगतील, अमक्यांचं म्हणणं असं. कोणी सांगितलं नाही. एक पायरी वर सरकले, आणखी एक सरकले. माझ्या भावाबद्दल माझ्याच घरात लोक बोलत होते, आणि मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी उठले आणि सरळ वर गेले. उंबरा ओलांडला. सगळी माणसं माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "ऐकू येत नाही. मोठ्यानं बोला."

मी जन्मात पहिल्यांदा सभेत बोलले, तेही हे.

मग नारोपंत उठले. मान खाली होती त्यांची, माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, अध्यक्षमहाराज, सभेत परकं माणूस आहे. त्यांच्या आवाजात राग नव्हता रे. तूच त्यांना ती रीत लावली होतीस, आणि तुझ्या दुखवट्याला ती मोडली तर तुला काय वाटेल, असा त्यांचा चेहरा झाला होता. गोविंदरावांच्या तोंडचं पाणी पळालं. पण वादविवाद करता येत नाही, ते त्यांनाही ठाऊक. त्यांनी विचारलं, परक्या माणसानं बाहेर जावं, असं कोणाचं मत? हात वर झाले. जाऊ नये असं कोणाचं? हात वर झाले. मी चौकट धरून उभी राहिले. व्याह्यांची त्या दिवशी काय गत झाली असेल ते मला तेव्हा समजलं.

गोविंदरावांनी पुन्हा मोजले. मग डोळे पुसले. म्हणाले, "हात सारखे पडले. सदाशिवरावांनी याच खुर्चीवरून सांगितलंय, अशा वेळी खुर्चीनं नवं काही करू नये. आहे ते तसंच राहील." जरा थांबून म्हणाले, "आक्का वर आहेत. त्या वर राहतील."

सदू, कळलं का तुला काय झालं ते? तुझ्या ज्या वाक्यानं मी इतकी वर्षं खाली बसले, त्याच वाक्यानं मी वर राहिले. तुझ्या एका हातानं नाही, तुझ्या बहिणीच्या नात्यानं नाही. मला कोणी उठवू शकत नाही आता. तुला हवं होतं तस्संच झालं, आणि ते बघायला तू नाहीस. मला आनंद झाला की राग आला ते अजून नक्की सांगता येत नाही. बहुधा रागच जास्त होता.

नारोपंत खाली बसले. त्या वाक्यावर त्यांनीच मागे मांडीवर थाप मारली होती. मग उपरणं सावरत, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "आता तरी ते दार लावून घ्या. बाई वर आल्या, आता कशाला उघडं हवंय? इतकी वर्षं पाठीला वारा खाल्ला."

त्यांनी ते सहज म्हटलं. रीतसर ठराव झाल्याशिवाय माडीवर बसायचं नाही असं मी मनाशी धरलं होतं, पण बसले खाली, तिथेच उंबऱ्याशी. म्हणजे नारोपंतांनासुद्धा ठाऊक होतं. सगळ्या माडीला ठाऊक होतं दार कोणासाठी उघडं आहे ते. मला एकटीला ठाऊक नव्हतं.

सभा उठल्यावर गोविंदरावांना थांबवलं. विचारलं, प्रत्येकाचं बोलणं अध्यक्षानं पुन्हा मोठ्यानं सांगायचं, अशी रीत आहे का हो त्या पुस्तकात? ते पायांत वहाणा घालत होते. म्हणाले, शेवटी ठराव वाचतात तेवढा. बाकी काही नाही. मी पुस्तक वाचलं तेव्हा सदाशिवरावांना विचारलं होतं. ते म्हणाले, गोविंदराव, हे जिन्यावर बोलू नका.

अरे, काय माणूस तू! घसा फाटेपर्यंत ओरडलास दर शनिवारी. खुर्चीला मत नको म्हणून एक हात वर केला नाहीस, आणि त्या एका हाताची भरपाई करत बसलास जन्मभर. माझं 'तोवर'चं उत्तर तू रोज देत होतास आणि मी तुला दवंडीवाला म्हणत होते. सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? निदान ज्येष्ठमध तरी गोड करून दिला असता. पण सांगितलं असतंस तर मी तुला ओरडू दिलं नसतं, हेही खरं. आणि तरी मी म्हणते, सदू, एवढा घसा झिजवलास त्यापेक्षा तो एक हात सोपा होता. हे भांडण मी सोडलेलं नाही. वर भेटू तेव्हा पुढचं.

आता पुढल्या शनिवारी मी वर जाईन. जाळी नको म्हणाले गोविंदरावांना, डोळ्यांना फार त्रास होतो. नारोपंतांच्या घरची सून येऊ का विचारते आहे, तिचा ठराव यावा लागेल. विडे मात्र कोणी आणून द्यायचे ते ठरायचंय, मी काही वरून खाली पळणार नाही आता. तांदूळ सकाळीच निवडून ठेवीन.

एकच राहिलं. तू गेलास त्याच्या आदल्या संध्याकाळी, दिवेलागणीला, मी तुझ्या उशाशी होते. तू काहीतरी बोललास. बरंच बोललास, थांबत थांबत. आवाज नव्हताच, नुसता वारा. मी कान तुझ्या तोंडाशी नेला तरी एक शब्द हाती लागला नाही. मग तू डोळे उघडलेस आणि नेहमीचं विचारलंस, तेवढं मात्र कळलं मला. ऐकू आलं का, आक्का?

मी हो म्हटलं. तुझं समाधान व्हावं म्हणून म्हटलं. तू मान खाली घातलीस, भात कालवताना घालायचास तशी.

नव्हतं आलं रे, सदू. एकदा पुन्हा सांग. जरा मोठ्यानं.